कापलेल्या बंदुकीची ओळख

“आधी ओळख होऊ दे, किंमत मग.”

ताईंचं हे वाक्य नेदरलँड्समधल्या आर्नहेमच्या आमच्या ऑफिसात इतकं रुळलं होतं, की दोन डच सहकारीही ते मोडक्यातोडक्या मराठीत म्हणायचे. बाजारातला जुना टेबललॅम्प असो की चीजचा गोळा, ताई चष्मा कपाळावर सरकवणार, वस्तू उलटीपालटी करून बघणार. विकणाऱ्याचा धीर सुटायचा, ताईंचा नाही. तुमच्याही ओळखीत असं कुणी असेल. त्यांच्यासोबत खरेदीला जाऊ नये, पण गेलात तर मजा येते.

ताई पन्नाशीच्या, सडपातळ, समोरून वारा असला तरी सायकलच चालवणाऱ्या. माहेर देहूरोडचं. वडील तिथल्या लष्करी डेपोत रायफली दुरुस्त करायचे आणि कॉलेजात ताईंनी एनसीसी गाजवलेली. मी ऑफिसात नवा होतो तेव्हा “जय भीम, जेवलास का?” असं एका दमात विचारून त्यांनी डब्यातली निम्मी भाकरी माझ्यापुढे ठेवली होती. इथे आलेली आपली माणसं बॅडमिंटन खेळतात. ताईंनी नेमबाजीचा क्लब गाठला.

एका शनिवारी मी गंमत बघायला त्यांच्याबरोबर गेलो, तर तिथे वाद चाललेला. क्लबाचे एक जुने सभासद वारले होते. त्यांची रायफल नियमाप्रमाणे परवानाधारक विक्रेत्याकडे ठेवलेली होती. त्याने सांगितलेली किंमत त्यांच्या पत्नीला पटेना, म्हणून तो रायफल घेऊन क्लबातच आला होता.

“ही लढाईतली आहे!” त्या बाई म्हणत होत्या. “दुसऱ्या महायुद्धात इथला पूल लढवला तेव्हा एका सैनिकाने माझ्या सासऱ्यांना दिली. ही म्युझियमला जायला हवी.”

विक्रेता थकून म्हणाला, “बाई, हिची नळी कापलीय, लाकूड तासलंय. अशीला गिऱ्हाईक मिळत नाही.”

या जातीची रायफल ताईंच्या माहितीतली, म्हणून क्लबातल्यांनी त्यांना हाक मारली. चष्मा कपाळावर गेला. ताईंनी बोल्ट मागे ओढला, आत गोळी नाही ना ते बोट घालून पाहिलं, मग बोल्टच्या मुठीखालच्या लोखंडावर टॉर्च धरला आणि एकदम हसल्या.

“अरे, ही तर आपल्याकडची!” हे मला, मराठीत. मग त्या बाईंना डचमध्ये, जरा हळू आवाजात: “हे सिंह दिसतात? हा भारत सरकारचा शिक्का. म्हणजे ही स्वातंत्र्यानंतर आमच्याकडे बनली. तुमची लढाई तेव्हा कधीच संपली होती. लष्कराने भंगारात काढल्यावर फिरत फिरत इथे आली असेल. आणि यांनी सांगितलेली किंमत बरोबर आहे.”

बाई खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, “सासरे गोष्टी छान सांगायचे.” हसायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही.

ताई अजून रायफल सोडेनात. खांद्याला टेकवायच्या लाकडी दस्त्यावरून तळवा फिरवत त्यांनी विचारलं, “तुमचे मिस्टर उंच होते?”

“दारातून जाताना त्याचं डोकं चौकटीला लागायचं.”

“मग दस्ता इतका आखूड का केला? आणि गाल टेकवायचा उंचवटा उजव्या बाजूला आहे. तो डावखुऱ्या माणसासाठी.” ताई थांबल्या. बाईंचा कॉफीचा कप डाव्या हातात होता. “हात वाकवा बरं.”

दस्त्याचं टोक ताईंनी त्यांच्या डाव्या कोपराच्या खोबणीत टेकवलं. बाईंचं बोट बरोबर घोड्यावर आलं. कपडे शिवून आणावेत तसं.

विक्रेत्याने टोपी काढली.

“दरवर्षी म्हणायचा, चल क्लबात,” बाई म्हणाल्या. “मी म्हणायची, थंडी असते, आवाज असतो, पुढच्या वर्षी बघू. मग तो आजारी पडला. गॅरेजमध्ये काय तासत बसायचा, मी कधी विचारलंच नाही.”

“आता ओळख झाली,” ताई म्हणाल्या.

रायफल विकली गेली नाही. बाई सत्तरीच्या उंबरठ्यावर क्लबाच्या सभासद झाल्या. क्लबाच्या बंदुकीवर ताई त्यांना शिकवायच्या आणि सारखं ओरडायच्या, “खांदे खाली! खांदे खाली सोडा!” पुढे रीतसर परवाना मिळाला आणि ती रायफल त्यांच्या डाव्या खांद्याला लागली. पहिल्या दिवशी सगळ्या गोळ्या निशाण्यामागच्या मातीच्या बांधात गेल्या. बाई इतक्या खूश, की सगळ्यांना ॲपलटार्ट दिला.

गेल्या हिवाळ्यात ताईंची बदली पुण्याच्या ऑफिसात झाली. विमानतळाच्या गाडीत बसवायला स्टेशनवर आम्ही दोघंच होतो, मी आणि त्या बाई. गाडीचं दार बंद झालं. बाईंचे डोळे भरून आले, मान आखडली, खांदे पार कानांपर्यंत चढले. ताईंनी काचेआडून ते पाहिलं आणि दोन्ही तळव्यांनी खूण केली: खाली, खाली.

बाईंनी श्वास सोडला. मीही सोडला. गाडी दिसेनाशी झाली तरी आम्ही दोघं फलाटावर तसेच खांदे सोडून उभे होतो.