उजेड बसवणारे बबनतात्या

बबनतात्या वायरमन आमच्या नव्या घरात पहिल्यांदा आले ते पक्कड-टेस्टर न घेताच. खांद्यावर वायरीचं भेंडोळं आणि तिच्या टोकाला होल्डरात एक बल्ब, बस्स. मला म्हणाले, "बाई, ओट्याम्होरं उभ्या ऱ्हावा. भाकरी थापताय असं समजा." मी शाळेत गणित शिकवते. हवेत भाकरी थापायची लाजच वाटली, पण थापली. तात्या बल्ब घेऊन माझ्याभोवती फिरत होते. बल्ब पाठीमागे गेला की माझीच सावली ओट्यावर पडायची. "बघितलं? मधोमध दिवा लावला असता तर जल्मभर सोताच्या सावलीत सैपाक केला असता तुमी." भिंतीवर खडूने फुली मारून ते पुढच्या खोलीकडे वळले.

दिवे आणायला बारामतीला जायचं ठरलं तेव्हापासून माझे पाय जमिनीवर नव्हते. लासुर्ण्यात स्वतःचं घर, तेही पगारातून साठवून बांधलेलं; हौसेला मोल नसतं म्हणतात ते खोटं नाही. दुकानात एका काचेच्या झुंबरावर माझा जीव जडला. तात्यांनी दुकानदाराला शांतपणे सांगितलं, "बाकीचं समदं बंद करा, अन् ह्ये एकटंच लावा." तो बिचारा कुरकुरत एकेक बटण बंद करत गेला. एकट्या झुंबराखाली आमची तोंडंही धड दिसेनात. "दुकानात उजेड दुसऱ्याचा असतोय बाई, अन् भाव ह्याचा." तरीही मी ते घेतलंच. माझ्या हट्टापुढे कुणाचं काही चालत नाही. तात्यांनीही मुकाट्याने बैठकीत टांगून दिलं.

झुंबर दाखवायला मी आईला हाताला धरून आणलं. ते लागताच तिने डोळ्यांवर पदर घेतला. मला वाटलं, कौतुकाने दिपली. घरी गेल्यावर ती म्हणाली, "मी न्हाय यायची तितं ऱ्हायला."

डोळ्यांचं ऑपरेशन होऊनही आईला अंधुकच दिसायचं. आमचं जुनं दोन खोल्यांचं घर तिला हाताने पाठ होतं. "हितं मी आंधळी न्हाय," ती म्हणाली, "तुज्या घरात हुईन." तिला एकटी टाकून मी राहणार नव्हते, म्हणजे एवढं नवंकोरं घर कुलपातच राहणार होतं. दुसऱ्या दिवशी हे सांगताना मला रडू आवरेना. तात्या शिडीवरून खाली उतरले, पण धीर-बीर काही दिला नाही. "आज चा तुमच्या म्हातारीच्या हातचा," एवढंच म्हणाले.

दिवेलागणीला ते आमच्या जुन्या घरात येऊन बसले. चहा निवून गेला तरी उठेनात. आई उंबऱ्याशी कुठे थबकते, भिंतीला हात किती उंचीवर लावते, हे बघत होते. सकाळी मी नव्या घरी गेले तर झुंबर खाली उतरवलेलं. मी भडकलेच. "विचारायचं तरी, तात्या."

"दिवा बघायचा नसतोय बाई, दिव्यात बघायचं असतंय. तुमच्या झुंबराचा खोलीत उजेड न्हाय, अन् त्याचं उघडं बल्ब आईच्या डोळ्यात टोचत्यात."

मग आठ दिवस काय धमाल उडाली घरात. उघडा दिवा एकही नाही. उजेड भिंतीवर पडायचा आणि तिथून मऊ होऊन खोलीत यायचा. न्हाणीघरापर्यंत गुडघ्याएवढ्या उंचीवर छोटे दिवे बसले. बटणं आईच्या हाताच्या उंचीला. मी शिडी धरायची, स्क्रू द्यायचे आणि बोलणी खायची. शाळेत मुलांना भूमिती शिकवतानाही मला भिंती दिसत होत्या.

काम संपलं त्या संध्याकाळी तात्या स्वतः आईला घेऊन आले. मी बटणाकडे हात नेला तर म्हणाले, "थांबा. घरात ज्याला समद्यात कमी दिसतंय, पयलं बटन त्यानं दाबायचं. माजी रीत हाय."

आईचा हात भिंतीवरून सरकला आणि न चाचपडता बटणावर गेला. घर उजळलं. पदर जागचा हलला नाही. भिंतीचा आधार न घेता ती सावकाश माझ्याजवळ आली आणि माझ्या डोक्याकडे बघत राहिली.

"केस कवा पिकलं गं तुजं?"

"झाली की पाच वर्षं."

"मला कुणीच सांगितलं न्हाय." तिने माझ्या कपाळावरची बट मागे सारली. मग म्हणाली, "जा, माजं हातरूण हिकडं आण."