कपाळावरचा डिंक

मी आयुष्यभर जनावरांना टाके घातले. सरकारी दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होतो. खेड्यात मात्र सगळे डॉक्टरच म्हणायचे, आणि मीही कधी दुरुस्ती केली नाही. काटेरी तारेत फाटलेली म्हशीची कास, कुत्र्यांनी तोडलेली शेळी, शिंग मोडलेला बैल, असं काय काय शिवलं त्याचा हिशेब नाही. पण माझ्या स्वतःच्या अंगाजवळ सुई आली की मला दरदरून घाम फुटतो. शाळेत असताना गुडघा फुटला होता. कंपाउंडरने भूल न देता चार टाके घातले आणि दोन मामांनी मला खाटेवर दाबून धरलं होतं. तेव्हापासूनची ही भीती. बायको सोडली तर कुणाला सांगितली नव्हती.

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी ओळखीचे लोक बोलावतात. गेल्या हिवाळ्यात पाली गावाकडच्या एका म्हाताऱ्या मेंढपाळाचा फोन आला. माझ्यापेक्षा पाच-सात वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला मामा म्हणतो. त्याचा कळप नेकनूरजवळच्या एका शेतात बसला होता. मेंढरांना जंताचं औषध पाजायचं होतं. सकाळी गेलो. मामा एकेक मेंढरू धरत होता, मी वाकून तोंडात औषध सोडत होतो. शेजारी त्याच्या पुतण्याचा छोटा टेम्पो फाळका उघडून उभा होता.

अर्धा कळप झाला असेल. एका एडक्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने मागून धडक दिली. मी सरळ टेम्पोवर गेलो आणि फाळक्याच्या कडेवर कपाळ आपटलं. दुखलं फारसं नाही, पण डाव्या भुवईच्या वर गरम काहीतरी ओघळलं आणि क्षणात डोळा भरला. कपाळाची जखम असते लहान, पण रक्त असं येतं की बघणाऱ्याला वाटावं, डोकंच फुटलं.

"आरं देवा!" मामा धावत आला. "थांबा, हळद आणतो."

"हळद नको, मामा," मी म्हणालो. त्यालाच मी कितीदा सांगितलं होतं की जनावराच्या जखमेत हळद, राख, तेल भरू नको म्हणून. खिशातली धुतलेली दस्ती काढली, घडी करून घट्ट दाबली आणि टेम्पोत बसलो. पुतण्या चालवायला, मामा माझ्या शेजारी. मेंढरं पुतण्याच्या बायकोवर सोडून आम्ही तिघं नेकनूरला निघालो.

वाटेत मला जखमेची चिंता नव्हती. चक्कर नव्हती, मळमळ नव्हती, सगळं स्पष्ट दिसत होतं. मी मनात फक्त टाके मोजत होतो. दीड इंच लांबी म्हणजे चार, फार तर पाच.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण बाई होत्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी आधी डोळ्यांत बॅटरी मारली, उलटी झाली का, शुद्ध हरपली होती का, हे विचारलं. मग जखम सलाईनने धुतली आणि बराच वेळ कापसाची घडी दाबून ठेवली.

"काका, टाके घालायची गरज नाही. चिकटवून टाकते."

मला वाटलं, लहान पोराला फसवतात तसं चाललंय. "कशाने चिकटवता?"

"औषधी डिंक समजा. कातडीसाठीच असतो. बाजारातला नाही हं! तो घरी लावून लोक येतात आणि मग आमची पंचाईत होते." त्यांनी जखमेकडे पुन्हा नीट पाहिलं. "तुमची चीर सरळ आहे, स्वच्छ आहे, फार खोल नाही. म्हणून जमतं. वेडीवाकडी फाकली असती किंवा जनावर चावलं असतं, तर हे चाललं नसतं."

मी इतका मोठा श्वास सोडला की नर्सने वळून पाहिलं.

डोळ्यात थेंब उतरू नये म्हणून त्यांनी डोळ्यावर ओली पट्टी ठेवली. "आता अजिबात हलायचं नाही," त्या म्हणाल्या. तेवढ्यात मामा पुढे झाला. माझ्या डोक्यामागे येऊन त्याने दोन्ही तळव्यांत माझं डोकं धरलं, बोटं कानांमागे रोवली. शेळीचं डोकं असंच धरायचं, हे त्याला मीच शिकवलं होतं.

"हलू नका साहेब. कायबी हुत न्हाई. झालं, झालं, आत्ता झालं."

मी शेळीशी बोलायचो तेच शब्द, तोच सूर. डॉक्टरीण बाई हसू दाबत होत्या, आणि मला हसायची परवानगी नव्हती.

त्यांनी दोन बोटांनी जखमेच्या कडा जुळवल्या. जांभळट औषधाची छोटी नळी होती. तिचं टोक चिरेवरून हलकेच फिरलं. जरा गरम लागलं, चहाचा कप कपाळाला टेकवावा तेवढंच. वाळू दिलं, मग दुसरा हात, मग तिसरा. मी पाच टाके मोजून आलो होतो, आणि चहा उकळायच्या आत सगळं संपलं.

"आता धनुर्वाताचं इंजेक्शन," नर्स म्हणाली.

ते मी विसरलोच होतो. बाही वर केली आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

"साहेब, घाम कावून आला?" मामाने विचारलं.

परतताना टेम्पोत मी त्याला खरं सांगून टाकलं, की मामा, मला सुईची भीती वाटते. लई वाटते.

म्हातारा शांतपणे म्हणाला, "आमाला ठाव हाय की. करोनाच्या लशीच्या वख्ताला रांगेतून तीनदा पानी प्यायला गेलते तुमी."

"मग कधी बोलला नाहीस?"

"आमची जनावरं तुमच्या हातानं वाचली. तुमाला कशाला हसावं?"

मला फार हलकं वाटलं.

घरी बायकोने कपाळाकडे पाहिलं. "अहो, पट्टी कुठाय? नुसतीच जखम घेऊन आलात?" डिंकाचं सांगितल्यावर तिने जवळ येऊन चष्म्यातून पाहिलं. बोट लावणार तोच मी हात धरला. डॉक्टरीण बाईंनी बजावलं होतं, घासायचं नाही, भिजत ठेवायचं नाही, तेल-मलम तर मुळीच नाही, कारण त्याने डिंक सुटतो. रविवारी डोक्याला तेल चोळायचा तिचा शिरस्ता. तो आठवडा तिने धुसफुसत काढला. "भूगोलाच्या नकाशात नदी काढल्यावानी दिसतंय," म्हणाली.

आठ-नऊ दिवसांनी तोंड पुसताना टॉवेलवर पातळ पापुद्रा आला. खाली गुलाबी रेघ, केसाएवढी. जखम दाखवायला मी बसने नेकनूरला गेलो. डॉक्टरीण बाई त्या दिवशी सुट्टीवर होत्या. नर्सने उजेडात नेऊन पाहिलं आणि म्हणाली, "छान भरलंय. पुन्हा यायची गरज नाही." स्टँडसमोर गरम भजी तळत होते. एक प्लेट घेतली, बाकड्यावर बसून सावकाश खाल्ली, आणि दुपारच्या बसने घरी आलो.