शेवटच्या अंकापर्यंत

रविवारी ईस्ट कोस्टच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉल्सच्या त्या मोठ्या मंडपात, गर्दी होती, म्हणून मी एका वयस्कर इंग्रज गृहस्थांच्या टेबलावर जागा मागितली. मी मोबाइलवरचे गेम बनवतो हे कळताच त्यांनी कॉफीचा कप बाजूला सारला, रुमालाला बोटं पुसली आणि म्हणाले, "दाखवा."

आमचा नवा गेम येत्या शुक्रवारी येणार होता. ते मान तिरकी करून खेळत होते आणि खेळता खेळता सांगत होते. लंडनच्या एका कॉम्प्युटर गेमच्या मासिकात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. सुरुवातीला मासिकात प्रोग्राम छापून यायचा आणि वाचक तो घरच्या कॉम्प्युटरवर टाइप करून खेळायचे. मग अंकासोबत गेमची कॅसेट आली, नंतर सीडी. पुढे सगळं इंटरनेटवर गेलं आणि मासिक बंद पडलं.

"वाईट वाटलं असेल," मी म्हणालो.

"वाटलं ना. पण शेवटच्या अंकातही आम्ही एका बड्या कंपनीचा गेम टाकाऊ ठरवला. वाचकाची संध्याकाळ वाया जाऊ नये, एवढंच आमचं काम."

मोबाइल परत देत ते म्हणाले, "तुमची पहिली लेव्हल कंटाळवाणी आहे. दुसरी झकास."

मला रागच आला, कारण पहिली लेव्हल माझी होती. घरी येऊन ती पुन्हा खेळलो, तर मध्येच जांभई आली.

सोमवारी वन-नॉर्थ भागातल्या आमच्या ऑफिसात मी ती लेव्हल काढायला सांगितली.

"आत्ता? शुक्रवारी लाँच आहे, ला!" सहकारी इथल्या लकबीत 'ला' जोडत ओरडली.

"आत्ताच," मी म्हणालो.

शुक्रवारी गेम बाहेर पडला, थेट दुसऱ्या लेव्हलपासून.