कुठलं जास्त अवघड

माझे मेहुणे शिंपी. सगळा रस्ता त्यांना मास्तर म्हणतो, आणि शाळा अर्ध्यात सोडलेल्या माणसाला ही हाक फार गोड लागते. त्यांची मुलगी, म्हणजे माझी भाची, देशातल्या एका नावाजलेल्या विद्यापीठात लागली, तेव्हापासून तर मास्तरांचे पाय जमिनीला लागेनासे झाले.

नेमका समोरच्या केमिस्टचा मुलगा तसल्याच दुसऱ्या बड्या विद्यापीठात. झालं. कुठलं जास्त अवघड, यावरून दोघांची रोज जुंपायची. केमिस्ट म्हणायचे, आमच्याकडे प्रवेश मिळणंच महाकठीण. मास्तर म्हणायचे, प्रवेशाचं काय घेऊन बसलात, आत गेल्यावर टिकून दाखवा. दोघांपैकी एकानेही त्या फाटकांच्या आत पाऊल टाकलेलं नव्हतं, पण ऐकणाऱ्याला वाटावं, पेपर यांनीच सोडवलेत. मी त्याच दुकानात कोपऱ्यात इस्त्री करतो. दोघांना आळीपाळीने हरभऱ्याच्या झाडावर चढवणं हा माझा जोडधंदा.

सुट्टीत भाची घरी आली आणि बापाच्या हाताखाली मापं लिहायला बसली. त्यांची ही जुनी रीत. मास्तर आकडा सांगणार, ती तो मोठ्याने परत म्हणणार, मगच टेप पुढे सरकणार. सुट्टी यंदा जरा लांबलीच होती. माझ्या बहिणीने विचारलं, तर म्हणाली, "अजून बोलावलं नाहीये." आम्हाला ते खरं वाटलं.

एक दिवस केमिस्ट पँटचं माप द्यायला आले.

"कंबर छत्तीस," मास्तर म्हणाले.

"छत्तीस."

"तुमच्याकडे कधी कुणी नापास झालंय का हो, केमिस्टसाहेब? नाव लागलं की पदवी मिळालीच. सीट बेचाळीस."

"बेचाळीस."

"आमच्याकडे पहिल्याच वर्षी पोरांना घरी पाठवतात. येरागबाळ्याचं काम नाही ते."

"मग त्या पोरांचं काय होतं?" केमिस्टनी विचारलं.

"व्हायचंय काय? मुळातच कच्ची असतात ती. आईबापाचं नाव घालवायचं आणि परत येऊन घरात बसायचं. मांडी चोवीस."

मागून आकडा आला नाही.

"अगं, मांडी चोवीस."

मी इस्त्री उभी करून ठेवली. भाची हातातल्या पेन्सिलीकडे बघत होती.

"मला पाठवलंय, बाबा," ती म्हणाली. "परीक्षा दोनदा दिली, तरी नाही जमलं. आल्या दिवशीच सांगणार होते. पण तुम्ही रोज हेच बोलत होतात."

केमिस्ट भला माणूस. ते वर पंख्याकडे बघायला लागले. मास्तर उंची मोजायला म्हणून गुडघ्यावर बसले, ते तिथेच राहिले. पोरगी नापास झाली याची लाज नव्हती ती. इतके दिवस तिला शेजारी बसवून आपण तिचीच सालटी काढत होतो आणि वर हसत होतो, याची होती. उचलली जीभ लावली टाळ्याला. मलाही तोंड कुठे लपवू असं झालं, कारण त्या हसण्यात माझाही आवाज होता, आणि चांगला मोठा होता.

मास्तर खालूनच बोलले, केमिस्टच्या बुटांकडे बघत.

"तसं अवघड-बिवघड काही नसतं हो. तुमचंच कठीण असेल. आमच्याकडे नुसता बाऊ करतात. सोपंच असणार."

आजवर या वादात मास्तरांनी कधी माघार घेतली नव्हती. मला वाटलं, पोरीला तेवढंच बरं वाटेल.

"नाही, बाबा," भाची म्हणाली. "आमचं खरंच अवघड आहे. तेवढं तरी राहू द्या."

मास्तरांनी मान हलवली. टेप घोट्यापर्यंत नेला आणि तसाच धरून ठेवला. शेवटी तीच उठली, त्यांच्या शेजारी वाकली, टेपवरची उंची स्वतः वाचली आणि लिहून घेतली.