कुंभकोणममधलं माझं वृद्ध-कल्याण

ओता, चहा कपभर ओता. हा किस्सा सांगताना माझ्या घशाला अजून कोरड पडते. तुमच्यापैकी कुणी सत्तरी उलटलेल्या माणसांची लग्नं जाहीर केली आहेत? भर रस्त्यात, पाटी लावून? मी केली आहेत! आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

पन्नास साल नुकतंच उलटलं होतं. मी सव्वीस वर्षांचा, बिनलग्नाचा. एका विमा कंपनीनं मला पुण्यातून उचललं आणि थेट कुंभकोणमला नेऊन टाकलं. तमिळचे वीस शब्द येत होते, त्यातले बारा खाण्याचे. खोली मिळाली ती सेतुमाधवरावांच्या माडीवर. त्यांचे पूर्वज तंजावरच्या दरबारात कारकून होते. घरात मराठी, उंबरा ओलांडला की तमिळ. आणि ते मराठी तरी कसं! "तुम्हांस कापी हवी काय?" असं कानावर आलं की वाटायचं, बखरीतून कुणीतरी उठून कॉफीचा पेला घेऊन आलंय.

राव बहात्तर वर्षांचे. बायको जाऊन सहा वर्षं झालेली. मुलगा दारासुरमला रेशमाच्या व्यापारात. सकाळी जायचा तो दिवेलागणीला यायचा. सून सुभद्राबाई घरकामात. राव दिवसभर ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला "किती वाजले?" म्हणून विचारायचे. स्वतःच्या मनगटावर घड्याळ बांधलेलं! लोक वेळ सांगायचे आणि चालू लागायचे. मला ते बघवेना हो.

मग मी ठरवलं, गल्लीतल्या सगळ्या वयस्कर मंडळींना दर शनिवारी एकत्र आणायचं. नदीकाठी थोडं फिरायचं, थोडं भजन, थोडे खेळ, गप्पा. पुण्याचा माणूस म्हटल्यावर आधी काय केलं असेल? मंडळाला नाव दिलं! 'वृद्ध कल्याण मंडळ'.

लगेच रावांना गाठलं. म्हटलं, "राव, इथल्या वृद्धांचं कल्याण करायचं माझ्या मनात आहे."

राव एकदम ताठ बसले. "वृद्धांचें? आमच्या वयास?"

"वयाला काय झालंय? हेच तर वय!"

"लोक हांसतील की हो."

"हसू देत! लोकांना बोलावूनच करायचं."

त्यांनी आत स्वयंपाकघराकडे एक नजर टाकली आणि आवाज उतरवला. "आणि बायको नाहीं, एकटे आहेत, त्यांचें?"

"अहो, त्यांचं तर सगळ्यात आधी!"

राव लाजले. शपथेवर सांगतो, बहात्तर वर्षांचा माणूस लाजला! मला वाटलं, कुणी इतक्या आपुलकीनं बोलायची सवय राहिली नसेल.

तमिळ पाटी त्यांनीच लिहून दिली. 'मुदियोर कल्याणम्, शनिवारी संध्याकाळी चार वाजता, भजनाच्या मठात, सर्वांनी यावे.' 'मुदियोर' म्हणजे वयस्कर, 'कल्याणम्' तर आपलंच, असं त्यांनी वाचून दाखवलं. मी पाटी चौकात लावली आणि मनात म्हटलं, बघा, संस्कृत शब्द सगळीकडे सारखाच!

त्या दिवसापासून गावाचं वागणंच बदललं. राव रोज दाढी करू लागले. सुभद्राबाईंनी माझी सकाळची कॉफी बंद केली. फुलवाली जिना चढून वर आली आणि बोटं दाखवत विचारू लागली, हार किती? मी म्हटलं, सत्कार करायची कल्पना चांगली आहे. "माणशी एक," म्हणून मीही बोटं दाखवली. ती पदराआड हसत गेली.

दुसऱ्या दिवशी भटजी आले. गल्लीतलेच, मराठी बोलणारे. "मुहूर्त कोणी काढला?"

"मीच काढला. चार वाजता."

"संध्याकाळीं? आणि एकदम सगळ्यांचें?"

"सुटंसुटं कुठे करत बसू? मला ऑफिस आहे!"

भटजींनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी एखादा संस्थानिकच. जाताना म्हणाले, "मोठें धाडस आहे तुमचें." मी मान लववली. कौतुक कुणाला नको असतं?

आला शनिवार. मठात शिरतो तर काय? अकरा जोडपी! म्हातारे जरीकाठी वेष्टीत, म्हणजे तिकडच्या धोतरात, म्हाताऱ्या लग्नातल्या रेशमी साड्यांत, डोक्यात ही एवढाली फुलं. पापनाशमहून एक जोडपं नातवंडांसकट आलेलं. कोपऱ्यात नादस्वरमवाले वाद्यं जुळवत बसलेले. आणि सगळ्यात पुढे, एकटे, नवी कोरी वेष्टी नेसून, मिशा काळ्या करून आमचे सेतुमाधवराव!

माझा ऊर भरून आला. उभा राहिलो आणि भाषण ठोकलं. भटजी तमिळमध्ये सांगत होते. "मंडळी, उतारवयात प्रत्येकाला साथ हवी! जो एकटा आहे, त्याला आज इथून एकटं परत जाऊ देणार नाही!"

एवढ्यात दारातून सुभद्राबाई तरातरा आत आल्या. पदर खोचलेला, डोळे लाल.

"तें सगळें असूं द्या. माझ्या मामंजींचें लग्न कोणाशीं लावतां, तें आधीं सांगा!"

"लग्न? कुणाचं लग्न?"

"पाटी तुम्हीच लावलीत ना? म्हाताऱ्यांचें कल्याणम् म्हणून?"

"हो, कल्याण! म्हणजे भलं, बरं…"

"कल्याणम् म्हणजे लग्न!" भटजी माझ्या कानाशी ओरडले. "येथें दुसरा अर्थ कोण लावणार?"

मग कळलं. तिकडे नवरा साठीला पोचला की त्याचं त्याच बायकोशी पुन्हा लग्न लावतात. ही अकरा जोडपी त्यासाठी आली होती. कुणाचं ते राहून गेलं होतं, कुणाचं आजारपणात हुकलं होतं. गावानं समजूत करून घेतली होती की पुण्याचा कुणी पुण्यवान सगळ्यांची एकदम हौस पुरवतोय!

मी हात जोडून चूक कबूल केली. मग पापनाशमची ती आजी उठली. नवऱ्याकडे बोट दाखवून तमिळमध्ये काहीतरी म्हणाली आणि भटजी हसू दाबत मला सांगू लागले, "म्हणते, साठीच्या दिवशीं यांस ताप होता. आज बरे आहेत, हारही आहे. हा मुलगा चुकला तर चुकला, मी हार घालणार."

आणि घातला! मग काय, नादस्वरम वाजायला लागलं, अकरा जोडप्यांनी एकमेकांना हार घातले, नातवंडांनी फुलं उधळली.

त्या गडबडीत राव हळूच उठून दाराकडे निघालेले मला दिसले. धावत जाऊन त्यांना थांबवलं. "राव, माफ करा. माझ्यामुळे तुमचं हसं झालं."

त्यांनी मान खाली घातली. "मज लग्न नको होतें हो. या वयास काय करायचें? पण वाटलें, कोणी घरांत बोलावयास असेल. पोरांचा दोष नाहीं. त्यांस वेळ नाहीं."

सुभद्राबाई मागेच उभ्या होत्या. त्यांनी डोळे पुसले, रावांचा हात धरला आणि त्यांना परत आत नेऊन बसवलं. बघ्यांतल्या एका विधवा आजींनी चिंचोके काढून पल्लांकुळीचा पट मांडला. तो खाचांत चिंचोके टाकत खेळायचा खेळ. राव तीन डाव हरले आणि चौथ्याला भांडले. भांडणारे राव मी पहिल्यांदाच पाहिले!

तिथून पुढे दर शनिवारी मठ भरू लागला. सुभद्राबाई स्वतः कॉफी घेऊन यायच्या. रावांना ओट्यावर बसायला सवड उरली नाही. मी मात्र ऑफिसात छाती फुगवून सांगायचो, "तिथल्या वृद्धांना मी आधार दिला."

वर्षभरानं एका शनिवारी मी मठाच्या पायरीवर चपला काढत होतो. आत कुणी नवे आजोबा आले होते. ते विचारत होते, "तुम्ही सगळे दर शनिवारीं येथें कां जमतां?"

रावांचा आवाज आला, "हळू बोला. तो माडीवरचा पुण्याचा मुलगा आहे ना, त्याचें या गांवीं कोणी नाहीं हो. भाषा येत नाहीं, खोलींत एकटा भिंतींकडे पाहत बसतो. आम्हां सगळ्यांस दया आली. म्हणून आठवड्यांतून एकदां येऊन त्याचें मन रमवितों."

आता आत जाऊन काय बोलणार? खोटं कशाला सांगू, त्या दिवशीही खोलीत करमेना म्हणून मी ठरल्या वेळेच्या दीड तास आधीच येऊन पोचलो होतो.