सुनमोरेच्या डोंगरात आठ दिवस

थापा मारण्यात अख्ख्या कतारमध्ये माझा हात धरणारा कोणी नाही. तीस वर्षांत माझी एक थाप पकडली गेलेली नाही! बायको पकडते, ती सोडून. पोरं पकडतात, त्याही सोडा. आणि बिल्डिंगचा वॉचमन तर... जाऊ दे, चहा घ्या. मी सांगतोय ती थाप खरंच कोणी पकडली नाही. तिथेच मी मेलो.

अल दुहैलच्या एका बंगल्यात एसी दुरुस्त करायला गेलो होतो. दिवाणखान्यात भिंतभर चित्र. करवतीच्या दातांसारखे काळे डोंगर, थेट समुद्रातून वर आलेले, अंगावर बर्फ. खालचं नाव अक्षर अक्षर जुळवून वाचलं. सुनमोरे आल्प्स, नॉर्वे. सहावी नापास माणसाला एवढं पुष्कळ झालं! फोटो काढला आणि अल हिलालच्या आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकला. "बंगल्याचा मालक सुट्टीला इथे चाललाय. तिथल्या घरचा एसी बघायला मलाही नेतोय. उद्या निघतो. आठ दिवस."

आता मला सांगा, बर्फाच्या देशात एसीवाल्याला कोण नेईल? एकाला तरी शंका यावी! छे. "माशाल्ला, यासीनचाचा!" "स्वेटर घ्या हां!" मी आपला गालात हसतोय. म्हटलं, सकाळी एकेकाची फजिती करू.

संध्याकाळी दार वाजलं. तिसऱ्या मजल्यावरची फिलूबाय. वसईची, हॉस्पिटलात कामाला. हातात पिशवी. इथली रीत तुम्हाला ठाऊकच आहे, कोणी विमानात बसणार म्हटलं की त्याच्या बॅगेवर अख्ख्या बिल्डिंगचा हक्क.

"चाचा, माझा मुलगा विल्सन त्याच डोंगरांखाली आहे. मासळीच्या फॅक्टरीत. सुके बोंबील आहेत, घरचा मसाला आहे. एवढं द्या त्याला."

"अगं, पण त्याला फोन करून..."

"उचलत नाही. त्याचा बाप गेल्यावर भांडण झालं आमचं. पाच महिने झाले." तिने नंबर लिहिलेला कागद माझ्या हातात कोंबला. "तुम्ही नुसते बघून या. जेवतो का, एवढंच."

आता बोला! "थट्टा होती", दोन शब्द फक्त. तोंड उघडलं, आणि बाहेर काय पडलं? "इन्शाल्ला."

खलास! पहाटे पिशवी घेऊन जो पळालो तो थेट कतारच्या उत्तर टोकाला, अल रुवैसला, बंदराजवळ दोस्ताच्या खोलीवर. खोलीचा एसी बंद. एसीवाल्याच्या दोस्ताचा! बनियन पिळून वाळत घालायचो आणि फिलूबायला लिहायचो, "इथे बर्फ पडतोय." सोबत इंटरनेटवरचा एखादा डोंगर. विल्सनला रोज फोन लावायचो. रोज वाजून वाजून बंद. मेसेज टाकले, त्यांनाही उत्तर नाही. हळूहळू मला ते डोंगर आवडेनासे झाले.

चौथ्या दिवशी फिलूबायचा व्हॉइस मेसेज आला, "भेटला का, चाचा?" एवढंच. मागे नुसता श्वास.

मी लिहिलं, "भेटला. नीट जेवतो. तुझी आठवण काढतो." मग वाटलं, हे फारच गोड झालं, थाप खरी दिसली पाहिजे. कसलेला कारागीर ना मी! पुढे जोडलं, "जरा बारीक झालाय."

आठव्या दिवशी परत आलो, पिशवी घेऊन तिच्या दारात उभा राहिलो. दार उघडलं तर तिचे डोळे सुजलेले. टेबलावर नॉर्वेच्या व्हिसाचे कागद पसरलेले, बाजूला झाकून ठेवलेलं ताट, हात न लावलेलं.

"बारीक म्हणजे किती, चाचा? हाडं दिसतात का? त्या दिवसापासून माझ्या घशाखाली घास उतरत नाही."

मी पिशवी टेबलावर ठेवली. खोलीभर बोंबलांचा वास. सगळं सांगून टाकलं. भिंतीवरचं चित्र, रुवैस, बनियन, न उचललेले फोन. म्हटलं, आता ती ओरडेल, चप्पल काढेल. काढली असती तर बरं झालं असतं हो!

ती खुर्चीवर बसली. मसाल्याची बाटली बाहेर काढून पदराने पुसली. खूप वेळ पुसत राहिली. मग माझ्याकडे बघून म्हणाली,

"खोटंच सांगायचं होतं ना, चाचा, मग माझ्या पोराला जाड करता येत नव्हतं?"