एकच्या रेघेपासून

बायको गेली, आणि तेरवीसाठी तिचा फोटो मढवायचा होता. मला एकच फोटो हवा होता, मोहगावला तिच्या भावाच्या संत्र्याच्या बगीच्यात काढलेला. ती अगदी कडेला उभी, एक हात फांदीवर. त्याची दुसरी प्रत नव्हती. सौंसरचा फ्रेमवाला फोटो बसवताना कडा छाटतो, हे मला माहीत होतं. म्हणून मी माप तेवढं फोनवर कळवायचं ठरवलं.

"फोटूच आणा ना सर. मी काय खाऊन टाकणार हाओ का त्याले?" तो म्हणाला.

मी नेला नाही.

ती प्राथमिक शाळेत शिकवायची. घरातली लाकडी फूटपट्टी तिच्या वर्गातली, शून्याकडचं टोक झिजलेलं. अशा टोकावर भरवसा ठेवायचा नाही, एकच्या रेघेपासून मोजायचं आणि आलेल्या आकड्यातून एक वजा करायचा, असं ती मुलांना सांगायची. घरी पडदा असो की फळीवरचा कागद, आम्ही दोघं मिळून मोजायचो. एकची रेघ कडेला लावून पट्टी दाबून धरणं माझं काम. ती पलीकडे वाकायची, नजर रेघेच्या नेमकी वर आणायची आणि माप सांगायची. मी लिहून घ्यायचो.

फोटो मी एकट्यानं मोजला. एकची रेघ कडेला लावली, पलीकडे वाकलो, दिसले ते आकडे सांगितले.

फ्रेम आली ती लांबीरुंदीला सेंटीमीटरभर मोठी. फोटो काचेमागे सरकत होता. पुन्हा पट्टी लावली. तेच आकडे आले. फ्रेमवाल्याचंच चुकलं असं म्हणत बसलो, आणि मग उमगलं. वजाबाकी मी कधी केलीच नव्हती. ती मनातल्या मनात करून मला माप सांगायची. इतकी वर्षं मी समजत होतो, मला मोजता येतं.

दुसऱ्या दिवशी फोटो आणि फ्रेम घेऊन दुकानात गेलो. कडा छाटू नको, फ्रेमच कापून लहान कर, असं त्याला सांगितलं. त्यानं काहीच थट्टा केली नाही. फोटो मी काउंटरवर ठेवला, पण दोन्ही कडा धरून राहिलो. माझी बोटं न हलवता त्यानं कसंबसं माप घेतलं.

"झालं सर," तो हळूच म्हणाला. "बसवासाठी आता सोडा लागन."

मला सोडता येईना. तो पट्टी हातात धरून तसाच उभा राहिला.